दार नेलेल्या घराचे आठ दिवे

ऐका बायांनो, आठ दिव्यांच्या वशाची कहाणी. दिवे लागले आहेत. आता हातातली कामं खाली ठेवा. या उजेडात भाजी निवडायची नाही, दाणे सोलायचे नाहीत. हात बंद, कान उघडे.

खाडीच्या काठी आटपाट नगर होतं. तिथे एक तेली राहत होता. सामाजी त्याचं नाव, लेआबाई त्याची बायको. त्यांना तीन मुलगे, तीन सुना. घरात माणसं आठ. अंगणात घाणा, घाण्याला मोऱ्या बैल. रविवारी घाणा फिरे, सोमवारी फिरे, शुक्रवार दुपारपर्यंत फिरत राही. शनवार उजाडला की मोऱ्याच्या डोळ्यांवरची झापड निघे, मानेवरचं जू उतरे, घाणा गप्प बसे. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत.

कुणी विचारावं, "शनवारी का हो घाणा बंद?" सामाजीने सांगावं, "बाप बंद ठेवी." "बाप का ठेवी?" "आजा ठेवी." "आजा का ठेवी?" मग सामाजीने डोकं खाजवावं. फार मागे पश्चिमेकडून एक जहाज आलं, खडकावर फुटलं. थोडी माणसं वाचली, पोथ्या बुडाल्या. एवढंच त्याला ठाऊक. एक प्रार्थना तेवढी ओठांवर उरली होती, "ऐक, इस्राएला, आपला देव एकच आहे." ती उठल्यावर म्हणावी, निजताना म्हणावी, जाणाऱ्या माणसाच्या कानात म्हणावी. उरलं ते एवढंच, पण एवढं त्यांनी घट्ट धरलं.

धाकटी सून सेगुला. तिला डोकं खाजवून भागत नसे. घाण्यात तीळ टाकता टाकता ती विचारी, "मामंजी, पश्चिमेकडून म्हणजे कुठून?" सामाजी म्हणे, "तीळ बघ, सूनबाई." ती तीळ बघे, आणि पुन्हा खाडीच्या तोंडाकडे बघे.

एके दिवशी काय झालं? होडीतून एक म्हातारा उतरला. पायांना धूळ, दाढीला मीठ. दारात उभा राहिला, पाणी मागितलं. सेगुलेने पाणी दिलं, गूळ दिला. म्हाताऱ्याने चहूकडे पाहिलं. घाणा पाहिला, तेलाचे बुधले पाहिले आणि खो खो हसला.

"काय झालं, आजोबा?"

"घरात एवढं तेल, आणि आठ दिव्यांचा वसा कुणालाच ठाऊक नाही!"

"कसला वसा?"

"तुला कशाला सांगू? घेशील, चार लोक हसले की टाकशील."

"हसतील त्यांना हसू दे. मी टाकणार नाही."

"घेशील, घरचे रागावले की टाकशील."

"रागावतील त्यांना रागावू दे. मी टाकणार नाही."

"घेशील, राजाने डोळे वटारले की टाकशील."

सेगुलेने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "राजाचे डोळे राजापाशी. मी टाकणार नाही."

मग म्हातारा ओट्यावर बसला आणि सांगू लागला. "पश्चिमेला, समुद्रापलीकडे, सियोनचा डोंगर आहे. तिथे तुमच्या देवाचं घर होतं. तुमचं जहाज तिथूनच निघालं. ते निघाल्यावर मागे एक राजा आला. म्हणाला, तुमचा शनवार सोडा, तुमचं नाव सोडा, सगळे माझ्यासारखे व्हा. देवाच्या घराचं दार त्याने फोडलं, घर बाटवलं. मग डोंगरातला एक बाप आणि त्याचे पाच मुलगे उठले. मूठभर माणसं, पण दार परत घेतलं. घर धुतलं. दिवा लावायला गेले तर तेल एका दिवसाचं. तेवढ्यावर दिवा आठ दिवस जळला. लोक तेलाचीच गोष्ट सांगतात. पण पोरी, तेल मागाहून. आधी त्यांनी आपलं दार परत घेतलं. हे विसरू नकोस."

"नाही विसरणार. वसा काय करावा?"

"दिवस लहान झाले, रात्री मोठ्या झाल्या की दारात दिवा लावावा. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे आठ दिवस आठ. रोज एक वाढवावा. घरात लपवू नये, रस्त्यावरून दिसावा. त्या उजेडात काम करू नये. कामासाठी नववा वेगळा ठेवावा, सगळ्यांपेक्षा उंच. तो चाकर, त्याच्यावर बाकीचे लावावे. आपला दिवा लावायला दुसऱ्याचा विझवू नये. आणि जीव जात असेल तर आधी जीव वाचवावा, शनवारसुद्धा आड येत नाही. एवढंच." म्हातारा उठला, होडीत बसला, दिसेनासा झाला.

मग सेगुलेने घरात सांगितलं. लेआबाई सासू. तिच्या हाताला तेलाची इतकी सवय की थेंब सांडला तर बोटाने टिपून केसांना लावी. ती म्हणाली, "रोज एक वाढवा? तेल रोज कमी होतं गे, वाढत नाही. आठ लावू, रोज एक कमी करू. तेल्याच्या घरची रीत तीच." थोरली सून म्हणाली, "रस्त्यावर कशाला? लोक विचारतील, उत्तर कोण देईल?" तिने दिवे कणगीआड ठेवले. मधली म्हणाली, "दिवे जळतायत तर तीळ निवडून घेते." ती सूप घेऊन बसली. सेगुला नवी, धाकटी. सगळ्यांपुढे तिचं काही चाललं नाही. आठाचे सात झाले, साताचे सहा झाले, शेवटच्या दिवशी एक, आणि मग काळोख.

दिवे जसे कमी झाले तशी माणसं कमी झाली. कसं ते ऐका.

नगरचा राजा वारला, त्याचा भाऊ गादीवर बसला. त्याला ना देवाची ओढ, ना माणसांची. ओढ एकच, स्वतःच्या नावाची. त्याने टेकडीवर मनोरा बांधला. दवंडी दिली, "राज्यात सगळे एकसारखे. दारात दिवा लावायचा तर माझ्या मुद्रेची पणती लावा. दुसरा दिवा नको. दुसरा सण नको. घाणे सातही दिवस चालवा." आणि सामाजीच्या घरी निरोप धाडला, "राजतेली व्हा. वाड्याचा घाणा सांभाळा. शनवार तेली हे नाव टाका."

थोरला म्हणाला, "नावात काय आहे?" बायकोला घेऊन वाड्याच्या घाण्यावर गेला. आठाची सहा झाली. मधला म्हणाला, "दादा गेला, मी मागे राहून काय करू?" तोही बायकोला घेऊन गेला. सहाची चार झाली. ताटं मांडताना लेआबाई आठ मांडी, मग एकेक उचलून ठेवी. सेगुला बघे.

पुन्हा दिवस लहान झाले. सेगुला नवऱ्याला म्हणाली, "बनाजी, या वर्षी वसा मी करणार. सांगितला तसा करणार."

बनाजी सरळ माणूस. म्हणाला, "आणि राजा?"

"त्याच्या मनोऱ्यावर त्याचा दिवा. माझ्या दारात माझा. त्याचा मी कुठे विझवते आहे?"

शनवार संपला. आकाशात तीन तारे दिसले. सेगुलेने दारात एक पणती ठेवली, नवव्याने ती लावली. त्यांचं दार फणसाच्या लाकडाचं, सामाजीच्या आज्याने घडवलेलं, तेलाच्या हातांनी काळंभोर झालेलं. त्यावर उजेड पडला. खाडीवरून दिसू लागला.

राजाचा कारभारी पालखीतून चालला होता. पालखी थांबली. "हा दिवा कुणाचा?"

"माझा."

"मुद्रा कुठे आहे?"

"मुद्रा नाही. वात आहे, तेल आहे. दिव्याला आणखी काय लागतं?"

भोयांपैकी एकजण फिसकन हसला. कारभारी तांबडालाल झाला. "उद्या दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी दोन दिसले. तिसऱ्या दिवशी तीन. मग कारभारी सुतार घेऊन आला. "दारात दिवा लावतेस ना? दार नसलं तर कुठे लावशील?" सुतारांनी दाराच्या फळ्या काढल्या, गाडीत घातल्या. सेगुला म्हणाली, "चौकट आहे." चौकटीत चौथ्या दिवशी चार लावले. मग चौकट नेली. ती म्हणाली, "उंबरा आहे." उंबऱ्यावर पाचव्या दिवशी पाच लावले. मग उंबरा उकरला. तो नेला, पणत्या फोडल्या, तेलाचे बुधले मोहोर लावून नेले.

दाराच्या जागी भोक उरलं. खाडीचा वारा थेट चुलीपर्यंत येऊ लागला. रस्त्यावरच्या माणसाला त्यांची भांडी दिसत, अंथरुणं दिसत. सामाजी भिंतीकडे तोंड करून बसला. लेआबाई कडाडली, "झालं समाधान? एकेक दिवा वाढवलास, एकेक लाकूड गेलं! आता घर पण ने म्हणावं."

बनाजी हळूच म्हणाला, "पाच झाले. देवाला पाच पुरे नाहीत का? कणगीआड लाव. देवाला तिथलेही दिसतात."

"देवाला दिसतातच रे. देवासाठी दारात नाही लावत. वाटेवरच्यांनी बघावं म्हणून लावते. आणि आपण बघावं म्हणून. गेल्या वर्षी लपवून लावले, तर दादा म्हणाले नावात काय आहे. लपवलेल्या गोष्टीत काहीच नसतं, असं वाटायला लागतं."

बनाजी उठला, भोकासमोरची माती पायाने चोपून सपाट केली.

पण पणत्या कुठल्या? शेजारी हिरू कोळीण राहत होती. ती कुंपणावरून सगळं बघत होती. टोपली भरून शिंपले घेऊन आली. "काय गो सेगुला, राजाने मातीच्या पणत्या बंद केल्या. शिंपल्यांचं काही बोलला नाही ना?"

"बोलला नाही."

"मग घे. आणखी लागले तर सांग, खाडी काही त्याच्या बापाची नाय." हिरूने आपल्या बुधल्याच्या बुडाशी उरलेलं वाटीभर तेलही दिलं. सहाव्या दिवशी मातीवर सहा शिंपले जळले. सातव्या दिवशी शुक्रवार. सूर्य मावळायच्या आधी सात लावले, मग शनवारचा दिवा लावला. कारभारी आला, बघून गेला. जाताना म्हणाला, "उद्या आठवा लागला तर घरही नाही, गावही नाही. बैल सोडायचा आणि चालायला लागायचं." सेगुलेने ऐकलं. तिच्यापाशी उद्याला पुरेल एवढंच तेल होतं, आठ शिंपल्यांना चमचा चमचा. ती वाटी तिने उशाशी ठेवली.

तिकडे वाड्यात काय झालं? शनवारी राजाचा उत्सव. राजाचा मुलगा परदेशाहून जहाजाने येणार. त्याला समुद्रातून एकच उजेड दिसावा, बापाच्या मनोऱ्याचा. म्हणून राजाने खाडीकडची सगळी दारं काळोखी ठेवायचा हुकूम दिला. मनोऱ्यावर हजार दिवे लावायचे. हजार दिव्यांना तेल लागतं. पण वाड्याच्या घाण्याचा बैल सातही दिवस फिरलेला, वर्षभरात एक दिवस विसावा नाही. तो शुक्रवारी मट्कन बसला तो उठलाच नाही. सामाजीकडून नेलेलं तेल वाड्याच्या रोषणाईतच संपलं होतं. मनोरा कोरडा.

शनवारी सकाळी कारभारी सामाजीच्या अंगणात. "घाणा चालवा."

सामाजी भिंतीकडून वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला. "आज शनवार."

"राजाचा हुकूम आहे."

"असेल. आज शनवार."

कारभाऱ्याने शिपायांकडून मोऱ्याला जुंपलं. मोऱ्याने शेपटी हलवली. सात पिढ्यांत त्या घरच्या बैलाने शनवारी पाऊल टाकलं नव्हतं. तो जुवासकट खाली बसला. शिपायांनी ओढलं, हलला नाही. गोंजारलं, हलला नाही. कारभाऱ्याने स्वतः शेपटी पिळली. मोऱ्याने शेण टाकलं, बरोब्बर जोड्यावर. हिरू कुंपणावरून ओरडली, "घ्या, राजतेल मिळालं!" सगळी आळी हसली. मग शिपायांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. पहिल्या फेऱ्याला धापा टाकल्या, दुसऱ्याला गरगरले, तिसऱ्याला पडले. घाण्यातून थेंब निघाला नाही. कारभारी शेणाचा जोडा टेकत टेकत गेला.

सूर्य खाली आला. मनोरा काळा, खाडी काळी. तीन तारे अजून निघाले नव्हते. सेगुला शिंपले मांडून वाट बघत बसली. आठ शिंपले, आठ वाती. इतक्यात हिरू धावत आली. आवाज चिरका झाला होता. "सेगुला, जहाज आलंय! खाडीच्या तोंडाशी. उजेड नाय, सरळ काळ्या खडकांवर येतंय. आमची दोन पोरं आहेत गो त्याच्यावर!"

हे काळे खडक कुठले? बायांनो, ज्यांच्यावर मागे एकदा एक जहाज फुटलं होतं, तेच.

सेगुलेने वाटीकडे पाहिलं. तेवढं तेल जाळलं तरी खडकांपर्यंत उजेड जायचा नाही. आणि जाळलं तर आठवा दिवा लागायचा नाही. तिने वाटी उचलली. तेवढ्यात लेआबाई उठली. चुलीमागची माती खरवडली. खालून मडकं काढलं, तोंडापर्यंत तेलाने भरलेलं. आयुष्यभर थेंब थेंब टिपून ठेवलेलं.

"आत्याबाई, हे कुठलं?"

"वाईट दिवसासाठी ठेवलं होतं. बघतेस काय? म्हाताऱ्याने सांगितलं होतं ना, जीव जात असेल तर शनवारही आड येत नाही! मीच विसरेन असं वाटलं का तुला?" तिने लुगड्याचा पदर टरकावला, मनगटाएवढी वात वळली. सामाजी आणि बनाजीने घाण्याच्या लाटेला, त्या उंच उभ्या लाकडाला, बांबू बांधला. टोकाला मडकं चढवलं. चकमक झाडली. नववा दिवा भडकला, नारळीच्या शेंड्याएवढा उंच. राजाच्या हुकुमासाठी त्या घराने शनवार मोडला नाही, जिवांसाठी एका क्षणात मोडला.

जहाजाने तो उजेड पाहिला. जहाजाचं तोंड वळलं. खडक टाळले. मग आकाशात एक तारा निघाला, दोन निघाले, तीन निघाले. सेगुला खाली बसली. दार नव्हतं, चौकट नव्हती, उंबरा नव्हता. तिने आठही शिंपले लावले. जहाज त्या घरासमोरच लागलं.

राजा धावत आला. पायात जोडा नाही, डोक्यावर पगडी नाही. मुलाला पोटाशी धरलं. मग त्याने ते घर पाहिलं, भोक पाहिलं, आठ दिवे पाहिले. म्हणाला, "मी मनाई केली, आणि त्याच दिव्याने माझा मुलगा आणला. माग काय हवं ते."

"दार."

"गाव देतो."

"दार."

"वाड्यात मान देतो."

सेगुला म्हणाली, "महाराज, दार माझं आहे, तुमच्या कोठारात पडलं आहे. त्यात मागायचं काय? आणा."

दार आलं. चौकट आली, उंबरा आला. वाहून कुणी आणलं? थोरल्याने आणि मधल्याने. मागे थोरली आणि मधली, माना खाली. थोरला म्हणाला, "आई, आत येऊ का?" लेआबाई म्हणाली, "आधी दार बसव, मग दारातून ये. भोकातून कुत्री येतात." त्यांनी उंबरा घातला, चौकट उभी केली, फळ्या लावल्या. मग एकेक आत आला. लेआबाईने ताटं मांडली. आठ मांडली, आठ राहिली.

सगळे आनंदले. सेगुला मात्र दारावर हात ठेवून उभी. बनाजी म्हणाला, "आता काय बिनसलं? दार आलं ना?"

"आलं. पण राजाने दिलं म्हणून आलं. उद्या दुसरा राजा येईल, पुन्हा नेईल. या गावाने आपल्याला जीव लावला, हिरूने शिंपले दिले. पण दार राहायचं की जायचं, हे आपल्या हातात कधी नव्हतं. बनाजी, एक तरी जागा अशी हवी, जिथे आपलं दार काढायला कुणाला परवानगीच नसेल."

बनाजी म्हणाला, "अशी जागा कुठे आहे?" सेगुलेने पश्चिमेकडे पाहिलं. आता तिला विचारावं लागत नव्हतं.

बारा वर्षं गेली. दर वर्षी आठ दिवे लागले, रोज एक वाढत. मग पश्चिमेकडून खबर आली. सियोनच्या डोंगराखाली आपल्या लोकांनी आपला उंबरा घातला. जगभर विखुरलेले परतत आहेत. कुणाच्या दयेने नाही, आपल्या कष्टाने. सेगुलेने बोचकं बांधलं. मग पहार घेतली आणि दाराशी गेली. फळ्या काढू लागली.

हिरू धावत आली. "काय गो, आम्ही काय कमी केलं?"

"काहीच नाही. तुम्ही हाकललं असतंत तर हसत गेले असते. तुम्ही जीव लावलात, म्हणून रडत जाते आहे."

"मग जातेस कशाला?"

"माझ्या आज्याच्या आज्याने फुटल्या जहाजातून किनाऱ्याला लागताना म्हटलं असेल, परत जाऊ. त्याला जमलं नाही. म्हणून मी जाते. आणि हिरू, हे दार एकदा दुसऱ्याने काढलं होतं. आज मी काढते आहे. यात केवढा फरक आहे, ते मलाच ठाऊक."

लेआबाई आता पार वाकली होती. काठी टेकत आली. सेगुलेला वाटलं, रागावेल, म्हणेल घर पुन्हा कमी झालं. लेआबाई म्हणाली, "इथे एक कमी होतो, तिथे एक वाढतो. वाढतो ना? मग चल. फळी नीट धर, माझ्या आजेसासऱ्यांनी घडवली आहे."

सगळं घर लेकराबाळांसकट निघालं. दिवस लहान झाले होते, तेव्हा जहाज सियोनच्या किनाऱ्याला लागलं. बंदरावर एक दाखलेवाला बसला होता. आपल्याच लोकांतला, नाकावर चष्मा, पुढ्यात वह्या. म्हणाला, "हे काय आणलंत?"

"दार."

"इथे दारं मिळतात."

"मिळत असतील. हे आमचं आहे."

"तुमच्या पोथ्या कुठे?" "बुडाल्या." "पंडित कुठे?" "नव्हते." "मग तुम्ही आमच्यातलेच कशावरून? रंग वेगळा, भाषा वेगळी. आधी शुद्ध करून घ्या, मग आत या."

बायांनो, समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला आपल्याच घराच्या ओट्यावर हे ऐकावं लागलं! थोरला खचला. मधला म्हणाला, परत जाऊ. सेगुला हसली. "राजापुढे नाव टाकलं नाही, ते याच्यापुढे धुवून घेऊ? भाऊ, तुमच्या पोथ्या तुमच्यापाशी होत्या, त्यांत बघून तुम्ही शनवार पाळलात. आमच्या बुडाल्या. आम्ही न बघता पाळला, आमच्या बैलानेसुद्धा पाळला. मी परवानगी मागायला आले नाही. राहायला आले आहे."

तिने वाळूत दोन खांब रोवून दार उभं केलं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं दार. पुढ्यात शिंपला ठेवला, लावला. दुसऱ्या दिवशी दोन. येणारे जाणारे थांबू लागले. बर्फाच्या देशातून आलेले थांबले, वाळवंटातून आलेले थांबले. प्रत्येकजण आपल्या भाषेत तीच एक प्रार्थना पुटपुटला, "ऐक, इस्राएला." आठव्या दिवशी दाखलेवाला वही मिटून आला. दाराच्या दोन्ही बाजू मोकळ्या होत्या, कुठूनही येता आलं असतं. तो दारातून आला. वाकून म्हणाला, "बाई, माझ्या घरचा दिवा विझला आहे. यावरून लावू का?" सेगुलेने नववा पुढे केला. "हा चाकर आहे, यावरून लाव. लावल्याने कमी होत नाही."

मग तिथे घर झालं. शेजारच्या टेकडीवर दुसऱ्या भाषेची एक बाई राहत होती. तिचं दार जुनं, निळ्या रंगाचं. पहिल्याच दिवशी सेगुला गूळ घेऊन तिच्याकडे गेली. खुणेने बोलली. स्वतःच्या दारावर हात ठेवला, तिच्या दारावर हात ठेवला, आणि मान हलवली, नाही, याला कुणी हात लावायचा नाही. "दार काढलं की आत कसा वारा येतो, ते मला ठाऊक आहे," असं घरी येऊन मुलांना म्हणाली. "वशात तेही आहे. विसराल तर दिवे लावू नका."

आणि इकडे नगरात? सामाजीच्या घराला चौकट होती, फळ्या नव्हत्या. दिवस लहान झाले. तिन्हीसांजेला हिरू आली, उंबऱ्यावर एक शिंपला ठेवला, लावला. कुणी विचारलं, "हे तुझं घर नाही, तुझा सण नाही. दिवा कशाला?" हिरू म्हणाली, "माझ्या शेजारणीचं दार आहे. काळोखात ठेवीन होय?" दुसऱ्या दिवशी तिने दोन लावले.

सेगुलेने वसा टाकला नाही, म्हणून तिचं दार तिला मिळालं. लोक हसले तरी टाकला नाही, घरचे रागावले तरी टाकला नाही, राजाने डोळे वटारले तरी टाकला नाही. बायांनो, तुम्हीही टाकू नका. कणगीआड लपवू नका, उद्या एक कमी करू नका. ज्यांना दार नाही त्यांना दार मिळो, ज्यांचं नेलं त्यांना परत मिळो, ज्यांचं आहे त्यांचं राहो. जसं सेगुलेच्या घरी एकाचे आठ झाले, तसे तुमच्या घरी, माझ्या घरी होवोत. ही आठां दिव्यांची कहाणी, नवव्याच्या उजेडात सुफळ संपूर्ण.